शेजाऱ्यासाठी आलेली बंदी

२०१२ चा डिसेंबर संपत आला होता. रशियातल्या व्लादिमीर खारितोनोव यांना वाचक कळवू लागले की तुमचं संकेतस्थळ उघडत नाही. इलेक्ट्रॉनिक पुस्तकांच्या प्रकाशन व्यवसायाविषयी बातम्या, लेख, परीक्षणं असा त्या संकेतस्थळाचा मजकूर. सरकारच्या डोळ्यांत खुपावं असं त्यात काहीच नव्हतं. चौकशी केल्यावर उलगडा झाला. १९ डिसेंबरला अमली पदार्थ नियंत्रण खात्याने 'रास्तामनच्या गोष्टी' या भलत्याच संकेतस्थळावर बंदीचा आदेश काढला होता. गांजाभोवती फिरणाऱ्या लोककथांचा तो संग्रह होता. खारितोनोव यांचा त्याच्याशी संबंध एवढाच की दोघांनीही अमेरिकेतल्या ड्रीमहोस्ट या कंपनीकडे सर्व्हरवर जागा घेतली होती आणि दोघांचा आयपी पत्ता एक होता. बंदी त्या पत्त्यावर आली, म्हणून त्या पत्त्यावरचे सगळेच गेले.

चाळीतल्या एका खोलीवर जप्ती आली म्हणून चाळीच्या मुख्य दारालाच कुलूप ठोकावं, तसा हा प्रकार. तो वरचेवर का घडतो हे समजायला थोडं यंत्राच्या पोटात जावं लागतं.

इंटरनेटवरच्या प्रत्येक सर्व्हरला आकड्यांचा पत्ता, म्हणजेच आयपी पत्ता, लागतो. आजही सर्वांत जास्त वापरात असलेल्या जुन्या पद्धतीत असे पत्ते जेमतेम ४३० कोटी होऊ शकतात. त्यांचा जागतिक साठा २०११ च्या फेब्रुवारीतच वाटून संपला. त्यामुळे स्वस्त होस्टिंग विकणारी कंपनी एका सर्व्हरवर, एकाच पत्त्यावर शेकडो ग्राहक बसवते. वाचकाचा ब्राउझर सर्व्हरकडे जाताना हव्या असलेल्या संकेतस्थळाचं नावही सांगतो आणि त्या नावावरून सर्व्हर योग्य पान काढून देतो. महिन्याला थोड्या पैशांत संकेतस्थळ चालवता येतं ते या व्यवस्थेमुळे. लहान प्रकाशक, शाळा, संस्था, एकट्याने लिहिणारे लेखक बहुतेक अशाच सामायिक पत्त्यावर राहतात. आपला शेजारी कोण हे त्यांना ठाऊक नसतं. ते ठाऊक असतं फक्त जागा विकणाऱ्या कंपनीला, म्हणजे होस्टला.

सरकारला पान बंद करायचं असतं तेव्हा ते बहुधा सर्व्हरपर्यंत पोहोचूच शकत नाही, कारण सर्व्हर परदेशात असतो. मग आदेश जातो देशातल्या इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्यांना. त्यांच्या हातात तीन मार्ग. नावावरून पत्ता शोधून देणारी यंत्रणा खोटं उत्तर देईल अशी सोय करायची, हा पहिला. पत्त्याकडे जाणारी सगळी वाहतूक तोडायची, हा दुसरा. आणि जोडणी सुरू होताना ब्राउझर जे नाव उघडपणे पाठवतो ते वाचून तेवढीच जोडणी पाडायची, हा तिसरा. भारतात जिओ हा मार्ग वापरते असं बंगळुरूच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीच्या अभ्यासकांनी २०१९ मध्ये दाखवून दिलं. यातला कुठलाच मार्ग एका पानापुरता मर्यादित राहत नाही. संकेतस्थळं सुरक्षित जोडणीवर आल्यापासून सेवा कंपनीला वाचक कोणतं पान वाचतो हे दिसत नाही, फक्त कोणत्या संकेतस्थळावर गेला ते दिसतं. म्हणून एका पानासाठी सगळं संकेतस्थळ जातं आणि दुसरा मार्ग धरला तर शेजारीही जातात.

या साखळीत होस्टची जागा वेगळी आहे. सरकारला पान दिसतं, पानामागचा माणूस दिसत नाही. सेवा कंपनीला फक्त वाहतूक दिसते. मजकूर ठेवणारा कोण, त्याचा ईमेल कोणता, त्याच पत्त्यावर आणखी कोण राहतं आणि मजकुराचा नेमका कोणता तुकडा काढला तर बाकीचं वाचेल, या चारही गोष्टी एकट्या होस्टच्या वहीत असतात. त्याची जबाबदारी इथूनच सुरू होते, असं मला वाटतं. होस्टने सरकारशी लढावं की नाही, यावर पुष्कळ बोललं जातं. पण त्याच्याकडे जी माहिती आहे ती दुसऱ्या कुणाकडेच नाही, आणि ती दाबून ठेवली की ग्राहकाला स्वतःची बाजू मांडण्याचा रस्ताच उरत नाही.

रशियाच्या कायद्याने होस्टला एक काम नेमून दिलेलं होतं, हे विशेष. १ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार देखरेख करणारं खातं आधी होस्टला कळवतं, होस्टने चोवीस तासांत मजकुराच्या मालकाला कळवायचं, मालकाने मजकूर काढला नाही तर होस्टने तो रोखायचा आणि होस्टनेही हात वर केले तर आयपी पत्ता काळ्या यादीत जायचा. कागदावर ही पायरीपायरीची रचना बरी दिसते. पण त्यात निरपराध शेजाऱ्याचा उल्लेखच नाही. त्याला कळवणं कुणाचंच काम नाही. त्याचं संकेतस्थळ बंद होईल का, हे तपासणंही कुणाचं काम नाही. खारितोनोव रशियन न्यायालयांत हरले, कारण आदेश कायद्याला धरून होता का एवढंच तिथे पाहिलं गेलं. त्या आदेशाने त्यांच्यावर काय ओढवलं हे कुणी पाहिलं नाही. २३ जून २०२० ला स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि १० हजार युरोंची भरपाई सांगितली. घटना आणि न्याय यांच्यात साडेसात वर्षं गेली. एवढा काळ बातम्यांचं संकेतस्थळ कुणाच्या भरवशावर तग धरणार?

त्याच न्यायालयापुढे आधी आलेलं तुर्कस्तानातलं प्रकरण होस्टच्या दृष्टीने आणखी बोलकं आहे. २००९ च्या जूनमध्ये देनिझली इथल्या फौजदारी न्यायालयाने अतातुर्क यांच्या स्मृतीचा अपमान करणाऱ्या एका संकेतस्थळावर बंदी घातली. ते 'गूगल साइट्स' या गूगलच्या संकेतस्थळं ठेवण्याच्या सेवेवर होतं. दुसऱ्याच दिवशी दूरसंचार संचालनालयाने न्यायालयाला सांगितलं की त्या संकेतस्थळाचा मालक परदेशात आहे, तेव्हा पूर्ण गूगल साइट्स बंद करणं हाच तांत्रिक उपाय. न्यायालयाने ते मान्य केलं. अहमत यिल्दिरिम यांचे अभ्यासलेख आणि विचार ज्या संकेतस्थळावर होते तेही त्यामुळे गेलं. १८ डिसेंबर २०१२ च्या निकालात स्ट्रासबर्गने एक साधी गोष्ट नोंदवली: तुमच्याकडे बेकायदा मजकूर आहे असं गूगल साइट्सला कळवल्याचा कागद नव्हता आणि तिने काही करायला नकार दिल्याचाही नव्हता. म्हणजे ज्याला ते एक पान अलगद काढता आलं असतं, त्याला कुणी विचारलंच नाही, आणि सगळ्यांना शिक्षा झाली. यातून होस्टच्या कर्तव्याची दुसरी बाजू दिसते. सरकारला सहज सापडेल असा संपर्काचा पत्ता ठेवणं आणि आलेल्या पत्राला वेळेत उत्तर देणं, हेसुद्धा ग्राहकांचं देणंच आहे. जो होस्ट तक्रारींचा ईमेल वाचत नाही त्याच्या ग्राहकांवर आयपी पत्त्याची कुऱ्हाड आधी पडते.

पण उत्तर द्यायचं म्हणजे मागितलं ते देऊन टाकायचं, असं नव्हे. इथे गिटहबचं उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं. प्रोग्रॅमर आपलं काम जिथे ठेवतात ते हे ठिकाण. आत्महत्येच्या पद्धतींवरच्या एका उपरोधिक मजकुरावरून रशियाने २०१४ च्या डिसेंबरमध्ये गिटहबवर बंदी आणली. पान वेगळं काढता येत नसल्याने सगळं गिटहब बंद झालं. कंपनीने मजकूर नष्ट केला नाही; तो फक्त रशियातल्या वाचकांसाठी रोखला, बाकी जगात तसाच ठेवला. आणि सरकारांकडून येणाऱ्या अशा नोटिसा सर्वांना वाचता येतील अशा जागी प्रसिद्ध करायला सुरुवात केली. कोणत्या देशाच्या कोणत्या खात्याने, कोणत्या कायद्याखाली, कोणतं पान मागितलं, हे कुणीही पाहू शकतो. कंपनी झुकली, हे खरं. पण जेवढं मागितलं त्याहून इंचभर जास्त झुकली नाही आणि झुकल्याचं लपवलं नाही. माझ्या मते सामान्य होस्टकडून अपेक्षा करावी ती याच गोष्टीची. शौर्याची अपेक्षा सगळ्यांकडून करता येत नाही, प्रामाणिकपणाची करता येते.

हा प्रामाणिकपणा वाचकापर्यंतही पोहोचवता येतो. पान सापडलं नाही की ४०४ हा आकडा दिसतो, तसा कायदेशीर कारणाने पान रोखलं असेल तर ४५१ हा आकडा दाखवावा, असं प्रमाण २०१६ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झालं. टिम ब्रे यांनी ते मांडलं. आकडा घेतला तो पुस्तकं जाळणाऱ्या राजवटीवरच्या रे ब्रॅडबरींच्या 'फॅरनहाइट ४५१' या कादंबरीच्या नावातून. आदेश कुणाचा आणि तो अंमलात कुणी आणला, हे सांगायची सोय त्यात आहे. आपल्याकडे बंदी आलेलं पान उघडायला गेलं की अनेकदा नुसती जोडणी तुटते. वाचकाला वाटतं आपलं नेटच गेलं, आणि संकेतस्थळाच्या मालकाला वाटतं सर्व्हर बिघडला. दोघंही चुकीच्या जागी दुरुस्ती शोधत बसतात.

भारताचा अनुभव मुंबईपासूनच सांगावा लागेल. ११ जुलै २००६ ला लोकल गाड्यांत स्फोट झाले. त्यानंतर दोनच दिवसांनी दूरसंचार विभागाने काही थोडी पानं बंद करायची यादी सेवा कंपन्यांना दिली. कंपन्यांनी यादीतली पानं न वेचता पूर्ण ब्लॉगस्पॉट, टाइपपॅड आणि जिओसिटीज बंद करून टाकलं. स्फोटांनंतर लोकांना मदतीची माहिती पुरवणारे मुंबईकरांचे ब्लॉगही ब्लॉगस्पॉटवरच होते. पुढे २०१४ च्या डिसेंबरमध्ये महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाच्या मागणीतून ३२ ठिकाणं बंद झाली. यादीत व्हिमिओ, डेलीमोशन, पेस्टबिन, गिटहबचा एक भाग आणि इंटरनेट आर्काइव्हही होतं. आयसिसचा प्रचार थांबवायचा होता, आणि कल्याणमधले तरुण इराककडे गेल्याचं ताजं असताना ती काळजी खोटी नव्हती. पण व्हिमिओवर चित्रपट ठेवणाऱ्या विद्यार्थ्याने काय केलं होतं? काही होस्टनी सरकारशी बोलून तसा मजकूर ठेवू देणार नाही अशी हमी दिली, तेव्हा बंदी उठू लागली. म्हणजे संवाद शक्य होता, फक्त तो कुलूप लावल्यानंतर झाला.

इंटरनेट आर्काइव्ह २०१७ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा बंद झालं. यावेळी कारण हिंदी चित्रपटांच्या चोरट्या प्रती, आणि आदेश मद्रास उच्च न्यायालयाचा, अडीच हजारांहून जास्त संकेतस्थळांच्या यादीवर. जुनी मराठी पुस्तकं, नियतकालिकांचे अंक धुंडाळणाऱ्यांना हे ठिकाण चांगलं परिचयाचं आहे. भारतीय ग्रंथालयांतली स्कॅन केलेली कितीतरी पुस्तकं आज तिथेच वाचायला मिळतात. चित्रपटाच्या एका फाइलीसाठी ग्रंथालयाचं दार लावण्याआधी ग्रंथपालाला एक पत्र लिहायला काय हरकत होती, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

आपल्या कायद्यात हे पत्र आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली २००९ साली जे नियम झाले, त्यांतला आठवा नियम सांगतो की मजकूर ठेवणारी व्यक्ती किंवा मध्यस्थ शोधण्याचा प्रयत्न करायचा, नोटीस द्यायची आणि उत्तराला किमान ४८ तास द्यायचे. तातडीच्या प्रसंगासाठी नववा नियम ही पायरी वगळू देतो. २४ मार्च २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम टिकवलं, पण मजकूर लिहिणारा ओळखता आला तर त्याचंही ऐकलं पाहिजे, असं स्पष्ट केलं. व्यवहारात सगळी गाडी अडते ती 'किंवा' या शब्दावर आणि सोळाव्या नियमावर. 'किंवा'चा आधार घेऊन नोटीस होस्टकडे जाते, लेखकाकडे नाही. सोळावा नियम तक्रार आणि कारवाई गुप्त ठेवायला सांगतो, म्हणून होस्टही गप्प. आदेश न पाळणाऱ्या मध्यस्थाला सात वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. अशा वेळी कंपनीचा वकील गप्प बसण्याचाच सल्ला देणार.

या मौनाची किंमत काय असते, हे हुंड्यावर उपहास करणाऱ्या एका संकेतस्थळाच्या बाबतीत दिसलं. एका पत्रकाराने ते २०११ मध्ये सुरू केलं होतं. वराचं शिक्षण, नोकरी, पगार भरला की हुंड्याचा आकडा मिळायचा आणि प्रथेची लाज वाटायची. २०१८ मध्ये ते बंद झालं. आदेश त्या पत्रकाराला मिळाला नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने आदेशाची प्रत द्या आणि त्याचं म्हणणं ऐका असं सांगितलं तेव्हा २०२२ चा मे उजाडला होता. त्याचं नाव, पत्ता शोधायला कुणाला फार कष्ट पडले नसते. २०२५ च्या फेब्रुवारीत 'विकटन' या जुन्या तमिळ नियतकालिकाचं पूर्ण संकेतस्थळ पंतप्रधानांवरच्या एका व्यंगचित्रावरून बंद झालं. मार्चमध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ते व्यंगचित्र तूर्त काढायचं आणि संकेतस्थळ सुरू करायचं, असा मार्ग काढला. एका पानाचा वाद एका पानापुरता ठेवता येतो, हे तिथे न्यायालयाला सुचलं. ते आधी सुचायला हवं होतं.

होस्ट न्यायालयात गेला तर? ट्विटर २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयात गेलं. वापरकर्त्यांना नोटीस मिळाली नाही, एकेका ट्वीटऐवजी पूर्ण खाती बंद करायला सांगितली जातात, अशा त्याच्या तक्रारी होत्या. ३० जून २०२३ ला याचिका फेटाळली गेली आणि कंपनीला ५० लाख रुपये भरायला सांगितलं गेलं. कंपनीने अपील केलं. पण एवढी रक्कम पाहिल्यावर पुण्यातला किंवा नाशिकमधला, हजारभर ग्राहकांचा होस्ट त्या वाटेला जाईल का? म्हणून ओझं फक्त होस्टवर टाकून चालत नाही. नियमच बदलावा लागतो. मजकूर ठेवणाऱ्यालाही नोटीस मिळावी, गुप्ततेच्या आडून ती टाळू नये, अशी मागणी करणाऱ्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या मार्चमध्ये केंद्राला नोटीस काढली. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्यात मजकूर काढणाऱ्या होस्टने ग्राहकाला कारणं लेखी द्यायचीच असतात. हा कायदा १७ फेब्रुवारी २०२४ पासून पूर्णपणे लागू आहे. तिथे लहान होस्टला धैर्य गोळा करावं लागत नाही. कायदाच त्याला बोलायला लावतो.

आता सगळ्यात अवघड गाठ. ज्याच्यावर बंदी आहे आणि जो नुसता शेजारी आहे, दोघंही होस्टचेच ग्राहक. होस्टने पहिल्याला वेगळा आयपी पत्ता दिला तर शेजारी सुटतात, पण सरकारला नेम धरणं सोपं होतं. दोघांना एकत्र ठेवलं तर बंदी घालताना सरकारला दहादा विचार करावा लागतो, पण शेजारी ढाल बनतात. १६ एप्रिल २०१८ पासून रशियाने टेलिग्राम हे संदेश ॲप बंद करायला सुरुवात केली तेव्हा टेलिग्राम अॅमेझॉन आणि गूगलच्या पत्त्यांवर सरकत गेलं आणि रशियाने त्या कंपन्यांचे दीड कोटीहून जास्त पत्ते तोडले. टेलिग्रामशी काडीचा संबंध नसलेल्या सेवा कोलमडल्या. टेलिग्राम बऱ्यापैकी चालूच राहिलं आणि २०२० च्या जूनमध्ये बंदी मागे घेतली गेली. त्याच सुमारास सिग्नल हे दुसरं संदेश ॲप इजिप्त, ओमान, संयुक्त अरब अमिरातींतली बंदी चुकवत होतं. बाहेरून मोठ्या निरुपद्रवी संकेतस्थळाचं नाव दाखवायचं आणि आत सिग्नलची जोडणी चालवायची, ही त्याची युक्ती. गूगलने ती २०१८ च्या एप्रिलमध्ये अशक्य केली आणि अॅमेझॉनने खातं बंद करण्याचा इशारा दिला.

स्वातंत्र्याची बाजू घेणारे अनेक जण या दोन कंपन्यांवर चिडले. त्यांचा राग मला समजतो. त्या देशांत सिग्नल वापरणाऱ्याला पकडलं जाण्याची भीती खरी असते. तरीही दुसऱ्या ग्राहकाच्या नावाआड लपण्याची मुभा त्या ग्राहकाला न विचारता द्यावी, हे मला पटत नाही. माझा आक्षेप वेगळ्या जागी आहे. जी वाट वर्षानुवर्षं उघडी होती ती बंद करायची तर आधी सांगावं, पर्यायी सोय उभी करायला मुदत द्यावी. आणि सामायिक पत्त्यावर राहणाऱ्याला, शेजाऱ्यामुळे तू अडकू शकतोस, हे जागा विकतानाच सांगावं. त्याला स्वतंत्र पत्ता हवा असेल तर तो घेईल, शेजाऱ्यासाठी धोका पत्करायचा असेल तर तेही तोच ठरवेल. लाखो लोकांना न सांगता ढाल करणं आणि लाखो लोकांना न सांगता बंद करणं, दोन्हींत ग्राहकाला मोजलेलंच नसतं.

हा खेळ हुकूमशाही देशांपुरता राहिलेला नाही. २०२५ मध्ये स्पेनमध्ये फुटबॉल सामन्यांच्या चोरट्या प्रक्षेपणाविरुद्ध ला लिगा या तिथल्या फुटबॉल लीगने न्यायालयाच्या आदेशाच्या बळावर क्लाउडफ्लेअर या संकेतस्थळांची वाहतूक हाताळणाऱ्या कंपनीचे सामायिक पत्ते सामन्यांच्या वेळी बंद करवले. ज्यांचा फुटबॉलशी संबंध नाही अशा व्यावसायिकांची संकेतस्थळं सुट्टीच्या दिवशी बंद पडू लागली. त्यांतल्या कित्येकांना आपण क्लाउडफ्लेअर वापरतो हेही ठाऊक नसणार. त्यांनी जागा घेतली एका कंपनीकडून, तिने वाहतूक दिली दुसरीकडे.

म्हणून महाराष्ट्रातून संकेतस्थळ चालवणाऱ्या कुणीही, मग ते दिवाळी अंकाचं असो की ग्रामपंचायतीच्या कामांची माहिती देणारं, होस्टशी झालेला करार एकदा वाचावा. बहुतेक करारांत 'कोणत्याही कारणाने, पूर्वसूचनेशिवाय' सेवा बंद करण्याचा हक्क कंपनीने राखलेला असतो. सरकारी आदेश आला तर कायद्याने मनाई नसेल तोवर आम्हाला कळवाल का, आदेशाची प्रत द्याल का, फक्त सांगितलेलं पान रोखाल की खातंच बंद कराल, आणि खातं बंद केलंत तरी आमचा सगळा मजकूर उतरवून घ्यायला किती दिवस द्याल, हे लेखी विचारावं. डोमेन नाव होस्टपेक्षा वेगळ्या कंपनीकडे नोंदवावं, म्हणजे एक दार बंद झालं तर दुसऱ्या सर्व्हरवर जाता येतं. मजकुराची प्रत स्वतःकडे ठेवावी. रशियात १ फेब्रुवारी २०२४ पासून सरकारच्या नोंदवहीत नाव नसलेल्या होस्टला सेवा देताच येत नाही. तिथे असे प्रश्न विचारण्याची जागा उरलेली नाही. आपल्याकडे ती अजून आहे, आणि ग्राहकांनी विचारल्याशिवाय एकही कंपनी ही कलमं आपण होऊन करारात घालणार नाही.